गाडीच्या हातावर दही

श्यामराव टिपणीस गाडी धुवायला लागले की सोसायटीतले लोक जाता जाता थांबायचेच. थांबतील नाही तर काय? साठी उलटलेला, पाणीखात्यातून निवृत्त झालेला, जन्मभर चार्टर्ड बसने ऑफिसला गेलेला माणूस लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून उभा, आणि समोर ती गाडी! गडद निळी, जर्मन, बुटकी आणि रुंद. मयूर विहारच्या त्या पार्किंगमध्ये मारुतींच्या रांगेत ती उभी असायची म्हणजे बालवाडीच्या पंगतीला एखादा पैलवान बसावा तशी. वर्मासाहेब रोज एकदा विचारायचे, "टिपणीसजी, चलाते क्यों नहीं?" श्यामराव म्हणायचे, "बेटे की है."

गाडी अंकुरची. कुठल्याशा वकिलातीतला एक साहेब मायदेशी परत निघाला होता, त्याच्याकडून त्याने ती घेतली. तेव्हा गुडगावला मित्राच्या भागीदारीत त्याची स्वतःची कंपनी होती आणि पाय जमिनीला लागत नव्हते. सुपरचार्जरचं तर कोण कौतुक! "बाबा, इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंखा फिरतो, तो हवा दाबून आत कोंबतो. मग बघा!" बघायचं काय, तर जोरात पाय दाबला की बॉनेटखालून एक बारीक शीळ निघायची आणि पाठ सीटला चिकटायची. श्यामराव डोळे मिटून घ्यायचे. अरुणाताई मात्र खिदळायच्या. "अजून जोरात ने रे," म्हणायच्या. पन्नाशीतली बाई, बँकेत हेडक्लार्क!

मग कंपनी बुडाली. मित्र अमेरिकेला गेला आणि अंकुर घरी बसला. दिवसभर खोलीचं दार लोटलेलं. कुणी काही बोललं नाही, आणि तेच चुकलं असावं. त्या संक्रांतीला श्यामराव आणि अरुणाताई दरवर्षीप्रमाणे मराठी मंडळाच्या बसने पानिपतला गेले, काला अंबच्या युद्धस्मारकाला डोकं टेकवून, तिळगूळ वाटून संध्याकाळी परत आले, तर फ्रिजवर गाडीची किल्ली होती आणि अंकुर नव्हता. काही दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला, 'ठीक आहे मी. शोधू नका.' त्यानंतर फोन बंद. चौकीतला हवालदार म्हणाला, "बालिग है, आ जाएगा."

या गोष्टीला आता दीड वर्ष होऊन गेलं होतं.

अरुणाताईंना लागलं होतं ते निराळंच. तो गेला यापेक्षा रिकाम्या घरातून गेला, हे त्यांच्या मनातून जाईना. टिपणिसांच्या घरातून कुणीही लांब निघालं की हातावर दहीसाखर पडायची आणि दारातून कुणीतरी "ये हं" म्हणायचं. शाळेची सहल असो की कलकत्त्याची बदली, यात खंड नव्हता. "आपण दोघंही नव्हतो हो घरात. ना दही, ना कुणी ये म्हणालं. पोर तसंच गेलं," असं त्या कणीक मळता मळता मध्येच म्हणायच्या.

"तो काय परीक्षेला गेलाय दही द्यायला?" श्यामराव एकदा बोलून गेले आणि लगेच त्यांना आपलीच जीभ चावावीशी वाटली.

शोधायला जाऊ या, हे अरुणाताईंचं टुमणं सुरुवातीला रोजचं होतं. श्यामराव विचारायचे, "कुठे? हिंदुस्थान केवढा आहे ठाऊक आहे ना? मोठा झालाय तो, येईल स्वतःहून." मुद्दा बिनतोड होता. आयुष्यभर नद्यांच्या पुराचे अंदाज बांधलेला माणूस, मुद्दा बिनतोडच असणार. खरी गोष्ट अशी की त्यांना भीती वाटत होती. शोधलं, सापडला, आणि तोंडावर नाही म्हणाला तर? त्यापेक्षा वाट बघणं सोपं होतं. वाट बघण्यात नकार नसतो.

पण अरुणाताईंचं वाट बघणं त्यांना बघवेना. बाई चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत उभी राहायची ती खाली त्या निळ्या टपाकडे बघत. जेवण निम्म्यावर आलं होतं, बँकेतून रजा वाढत चालल्या होत्या. मेट्रोचे खांब उभे राहत होते, गल्लीतला चहावाला मोबाइल रिचार्ज विकायला लागला होता, सगळं जग पुढे सरकत होतं, आणि ही बाई एका टपाला खिळलेली. गणपती उठले आणि श्यामरावांनी ठरवलं, गाडी विकायची. समोरून हलली तर ही तरी हलेल.

अरुणाताई रडतील असं त्यांना वाटलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, "विका. पण जाताना मी खाली येणार."

पहिलं गिऱ्हाईक द्वारकेचं. खुराना नावाचा हसरा गृहस्थ, टाइल्सचा धंदा. एक फेरी मारून आला आणि लहान मुलासारखा टाळ्या वाजवायला लागला. नाव बदलायचं काम सावकाश होणार होतं. तोवर गाडी घेऊन जा, आठवडाभर चालवून बघा, असं श्यामरावांनीच सुचवलं. तेवढ्यात अरुणाताई वाटी घेऊन खाली आल्या. खुरानांच्या तळहातावर दहीसाखर ठेवली. "अरे वाह भाभीजी, शगुन!" म्हणून त्याने हात चाटला. मग त्यांनी बोटाला उरलेलं दही निळ्या बॉनेटवर टेकवलं, वर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "ये हं."

गाडी फाटकाबाहेर वळली तसे श्यामराव हसले. "अगं, विकली ना ती! विकलेल्या वस्तूला कुणी ये म्हणतं?"

"अगंबाई, हो की," अरुणाताई म्हणाल्या. त्यांनाही हसू आलं. दीड वर्षात पहिल्यांदाच.

पाचसहा दिवसांनी श्यामराव दूध आणायला खाली उतरले, तर गाडी तिच्या जागेवर उभी होती.

त्यांनी भोवती एक चक्कर मारली. दारं लॉक. बॉनेटला हात लावला तर गरम. फाटकावरचा गार्ड म्हणाला, हो, उजाडताना आली, मला वाटलं तुमचीच माणसं. चालवत कोण होतं? ते त्याने बघितलं नव्हतं. श्यामरावांनी वर जाऊन खुरानांना फोन लावायच्या आतच खुरानांचा फोन आला.

"भाईसाहब, बुरा मत मानना. गाडी आपके यहाँ तो नहीं?"

दुपारी तो स्वतः आला. गाडी त्याच्या तळघरात, शटर पाडून ठेवलेली. किल्ली त्याच्या खिशात. ती त्याने टेबलावर ठेवली आणि झटकन हात मागे घेतला. रागावलेला नव्हता, उलट ओशाळल्यासारखा दिसत होता. पाणी प्यायला, अरुणाताईंना वाकून नमस्कार केला आणि दारात म्हणाला, "चलाते वक़्त ठीक थी जी. बस, हर मोड़ पे लगता था इसको कहीं और जाना है."

श्यामरावांनी हिशोब लावला. दुसरी किल्ली असणार. वकिलातीतल्या साहेबाने कुणाला दिली असेल, चोराने नेली असेल, मग घाबरून आणून ठेवली असेल. चोर पत्ता कसा शोधेल हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. संध्याकाळी गाडी पुसायला घेतली तेव्हा वायपरच्या फटीत काहीतरी अडकलेलं दिसलं. लांब, पिवळट सुया, मूठभर तरी. पाणीखात्यात असताना ते डोंगरात पुष्कळ हिंडले होते, त्यांना सांगायला कुणी लागलं नाही. चिडाच्या, म्हणजे पाइनच्या झाडाच्या, सुया होत्या त्या. द्वारकेत चीड नाही. मयूर विहारमध्येही नाही.

त्यांनी त्या रुमालात बांधल्या आणि अरुणाताईंना दाखवायच्या नाहीत असं ठरवून वर आले. अरुणाताई बाल्कनीत होत्या. वरूनच सगळं बघितलं होतं त्यांनी.

"डोंगरात जाऊन आली ना?" त्यांनी विचारलं.

"अरुणा, गाडी आहे ती. कुत्रं नाही माणूस हुडकायला."

"मी कुठे काय म्हणाले?" त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवल्या.

दुसरं गिऱ्हाईक मराठी निघालं. हणमंत जगदाळे, मूळ साताऱ्याकडचा, मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात मॅनेजर. याने आधी बॉनेट उघडलं, पट्टा दाबून बघितला, डिपस्टिक ओढून तेल बघितलं, मग कुठे फेरी मारली. श्यामरावांनी लपवाछपवी न करता खुरानांचा किस्सा सांगितला. जगदाळे मोठ्याने हसला. "काका, मी कारखान्याच्या आवारात ठेवतो. वर बॅटरीची तार काढून ठेवतो. बिनबॅटरीची गाडी माझ्या आजोबांच्यानेही चालू झाली नसती." निघताना त्याने वाटी बघितली आणि आपणहून हात पुढे केला. "साताऱ्याला आई देते. बरेच दिवसांनी मिळालं. येतो काकू."

"ये हं," अरुणाताई म्हणाल्या. त्यांचा हात बॉनेटवर होता, आणि या वेळी चुकून काहीच घडलेलं नव्हतं.

गाडी तिसऱ्या दिवशी परत आली.

जगदाळे कंपनीच्या बसने, मग रिक्षाने, घामाघूम होऊन पोचला. श्यामराव खाली त्याची वाट बघत उभे होते. काचा आतून धुरकटलेल्या होत्या. बाहेर सप्टेंबरचं चिकट ऊन, आणि दार उघडल्यावर आतून गार हवा अंगावर आली, लाकडाच्या धुराच्या वासाची. शेजारच्या सीटवर एक सफरचंद होतं. लहान, डागाळलेलं, बाजारात येत नाही तसलं. एक घास खाल्लेला. घासाची जागा अजून पांढरीशुभ्र होती.

जगदाळेने बॉनेट उघडलं. बॅटरीची तार बाजूला लोंबत होती, त्याने काढून ठेवली होती तशीच. बराच वेळ तो तिच्याकडे बघत राहिला. मग बॉनेट दोन्ही हातांनी अलगद मिटलं.

"काका," तो म्हणाला, "ही गाडी विकू नका."

"का?"

"तिला काम आहे," असं म्हणून तो स्वतःच दचकला. चहाला थांबला नाही.

ते सफरचंद अरुणाताईंनी वर नेलं. देव्हाऱ्यात वगैरे नाही, फळांच्या टोपलीत ठेवलं. आणि त्या कामाला लागल्या. अंकुरच्या खोलीतली जळमटं काढली, गाद्यांना ऊन दिलं, बँकेत रुजू झाल्या, संध्याकाळी गुणगुणायला लागल्या. श्यामराव मात्र धास्तावले. आशा लागलेला माणूस किती उंचावरून पडतो, हे त्यांना दिसत होतं. ही पडली तर आपल्याच्याने उचलली जाणार नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, ती आशा आता त्यांनाही लागली होती. पहाटे जाग आली की कान आपोआप फाटकाकडे जायचे.

घटस्थापनेच्या दिवशी अरुणाताई बँकेत गेल्या होत्या. दुपार टळत आली होती. श्यामरावांनी फ्रिज उघडून दही काढलं, त्यात साखर घातली, वाटी रुमालाखाली झाकून खाली उतरले. लिफ्टमध्ये वर्मासाहेब भेटले, तर श्यामराव उगाचच "बड़ी गर्मी है" म्हणाले. पार्किंगमध्ये कुणी नाही हे दोनदा बघितलं. आपण काय करतोय, निवृत्त अभियंते आहोत, असं मनात आलं. आलं तर येऊ दे, म्हणाले.

त्यांनी बॉनेटवर दही टेकवलं. ते उन्हाने लगेच पातळ होऊन ओघळलं.

"ये," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "त्याला घेऊन ये." मग त्यांना राहवलं नाही. गाडीच्या टपावर कपाळ टेकून ते म्हणाले, "मीच यायला हवं होतं रे. पहिल्याच दिवशी. तुझी आई सांगत होती. मीच न्यायला यायला हवं होतं."

वर येऊन त्यांनी तोंड धुतलं. किल्ली खिशात होती. ती खिशात आहे हे ते पुन्हा पुन्हा चाचपून बघत राहिले. संध्याकाळी अरुणाताई बँकेतून आल्या त्या चपला न काढताच म्हणाल्या, "अहो, गाडी?"

श्यामरावांनी किल्ली दाखवली. आणि रिकामी वाटी.

अरुणाताईंनी त्यांचा हात धरला. कितीतरी वर्षांनी धरला. दोघं तसेच सोफ्यावर बसून राहिले.

पुढचे दिवस श्यामरावांना भारी गेले. दुखत काही नव्हतं, नुसता थकवा. जेवता जेवता डुलकी लागायची. खांदे भरून यायचे, डोळे चुरचुरायचे, लांबचा प्रवास झाल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब उत्तम आहे, आराम करा. एकदा दुपारी अरुणाताई खोलीत आल्या तर ते आरामखुर्चीत झोपलेले, आणि दोन्ही हात छातीसमोर अधांतरी धरलेले. मुठी किंचित वळलेल्या. त्या बघत उभ्या राहिल्या. मुठी हळूच डावीकडे वळल्या, मग सरळ झाल्या.

त्यांनी उठवलं नाही. पायाला हात लावला तर पाय बर्फासारखे. त्यांनी शाल आणून पांघरली आणि पंखा बंद केला.

अष्टमीची सकाळ. कुठल्यातरी घरातून कन्यापूजनाच्या शिऱ्याचा वास येत होता. श्यामराव नुकतेच उठून खुर्चीत बसले होते. आणि दूर, हायवेच्या वळणावर, ती बारीक शीळ ऐकू आली.

दोघांनीही ऐकली.

शीळ गल्लीत आली. फाटकात हळू झाली. थांबली.

मग लिफ्ट. मग बेल.

दार अरुणाताईंनी उघडलं. अंकुरच होता. वाळलेला, दाढी वाढलेली, अंगात जाडाभरडा स्वेटर, हातात एक पिशवी. "आई," एवढंच म्हणाला. अरुणाताईंनी त्याला जवळ ओढलं, पाठीवरून, डोक्यावरून, तोंडावरून हात फिरवत राहिल्या. ऊबदार होता. खरा होता. त्याच्या डोळ्यांतलं पाणी त्यांच्या खांद्यावर पडत होतं आणि त्या मोठमोठ्याने हसत होत्या.

श्यामराव खुर्चीतून उठले.

"अंकुर," ते म्हणाले.

अंकुरने मान वर केली. त्यांच्याकडे बघितलं. मग मागे, उघड्या दाराकडे बघितलं.

"बाबा? तुम्ही आधी वर कसे पोचलात?"

"मी घरीच आहे रे."

"मस्करी नको ना, यार." तो हसला, मग थांबला. "हिमाचलातून, पार नारकंड्यापासून तुम्हीच तर चालवत आणलंत. मी काम करतो त्या सफरचंदांच्या बागेच्या गोदामापाशी येऊन उभे राहिलात. दार उघडून म्हणालात, चल. बस, तेवढंच. सगळा रस्ता एक शब्द नाही. मी रडत होतो तर गुडघ्यावर हात ठेवलात." त्याचा आवाज बारीक झाला. "आत्ता खाली म्हणालो, चला. तर हाताने सांगितलंत, तू हो पुढे, मी गाडी लावून येतो."

श्यामरावांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं.

खाली गाडीचं दार बंद झाल्याचा आवाज आला. जड, नीट बसलेला.

लिफ्ट खाली गेली.

अरुणाताईंनी पोराला खांद्याला धरून श्यामरावांच्या शेजारी बसवलं. त्याचे आणि त्यांचे हात एकमेकांत दिले. डोळे पुसले, पदर खोचला आणि स्वयंपाकघरात गेल्या. आतून गॅस पेटवल्याचा, मग कपबशांचा आवाज आला. बाहेर लिफ्ट आता वर येत होती.

त्या चहा घेऊन आल्या, ट्रे टीपॉयवर ठेवला आणि शांतपणे दाराकडे तोंड करून बसल्या. त्या घरात बिनसाखरेचा चहा एकटे श्यामराव घेत. ट्रेमध्ये चार कप होते, त्यातले दोन बिनसाखरेचे.